बाईचं मन दुरुस्त करण्याआधी मालकाची वही उघडा

दिवाळी झाली की शेणवा परिसरातल्या कातकरी वाड्या ओस पडू लागतात. भांडीकुंडी, कोंबड्या, तान्ही पोरं घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अशीच परतलेली एक बाई आमच्या बैठकीत म्हणाली, "ताई, झोप लागत नाय. छातीत धडधडतं. मी काय कामाचीच नाय असं वाटतं." मी तिला समुपदेशनाला पाठवलं. तिथे तिला सांगितलं गेलं, वाईट विचार मनात आणू नका, स्वतःवर विश्वास ठेवा, घरात जुळवून घ्या. परत येऊन ती म्हणाली, "विश्वास ठेवायला पण मला जमत नाय."

तिच्या कमीपणात आम्ही आणखी एकाची भर घातली होती. पाठवणारी मीच, म्हणून ही तक्रार आधी माझ्यावर आहे.

हा कमीपणा येतो कुठून? पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा भट्टीचा बयाणा हातात पडतो. मजुरी ठरते हजार विटांमागे, तीही जोडप्याची मिळून. वहीत नाव नवऱ्याचं. चिखल तुडवणारी, विटा वाहणारी, वर स्वयंपाक आणि पोर सांभाळणारी बाई त्या वहीत कुठेच नसते. आठवड्याला खर्ची मिळते. हंगाम संपला की मालक वही वाचून दाखवतो: अजून इतके अंगावर आहेत. सहा-सात महिने राबून देणंच शिल्लक राहिलं, तर माणूस काय समजेल? आपलंच काही चुकलं, हेच ना?

तिची मुलगीही दिवाळीनंतर शाळा सोडून भट्टीवर जाते. जूनमध्ये ती वरच्या वर्गात बसते, तेव्हा मागचं निम्मं वर्ष तिने पाहिलेलंच नसतं. 'मठ्ठ' हा शब्द तिला शाळेत मिळतो आणि हळूहळू तिला तो पटतो. याच ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या आणि शाळा दारात आली तर ही मुलं शिकतात हे दाखवलं. मग मठ्ठ कोण? मुलगी, की तिची वाट न पाहणारी व्यवस्था?

मैत्रिणींनो, हे आपल्याला नवं नाही. मार खाऊन आलेल्या बाईलाही 'जुळवून घे' असंच सांगितलं जायचं. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. अशा कामातून आपण शिकलो की समुपदेशन हिंसेला हिंसा म्हणण्यापासून सुरू होतं. मग कर्जाच्या फासाला 'तणाव' हे गुळगुळीत नाव देऊन आपण मोकळ्या का होतो? बयाण्यापायी माणूस बांधून ठेवणं 1976 च्या कायद्याने गुन्हा ठरवलं. किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवणं ही सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं. मन दुरुस्त करायला बसणाऱ्या किती जणींना हे माहीत असतं?

पण आपल्यातल्याच काही सहकारी म्हणतात, "आधी पोट, मन नंतर. ही शहरी बायकांची थेरं." त्यांच्याशीही माझं भांडण आहे. रात्र रात्र जागणाऱ्या बाईने हिशोब मिटेपर्यंत थांबायचं? जीव द्यावासा वाटणाऱ्या बाईला मोर्चाची तारीख द्यायची? मानसिक आरोग्यसेवा हा 2017 च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, तो कातकरी बाईचाही आहे. 2022 पासून 14416 ही मोफत टेलिमानस सेवा आहे. गरज असेल तिथे डॉक्टर आणि औषध मिळालंच पाहिजे. मात्र ज्या वाडीत रेंज नाही, ज्या बाईच्या हातात फोन नाही, तिथे नंबर भिंतीवर रंगवून जबाबदारी संपत नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. समुपदेशकाने पहिल्याच भेटीत बयाणा, मजुरी आणि मारहाण यांबद्दल विचारावं. वाडीत संध्याकाळी, तिच्या बोलीत, चार बायांसोबत बसावं. दिवाळीआधी आणि परतल्यावरही. मजुरी बाईच्या नावावर वेगळी लिहिली जावी. आणि प्रत्येक गटाने आपली स्वतःची वही ठेवावी.

त्या बाईबरोबर आम्ही पुन्हा बसलो. यावेळी प्रश्न मनाचे विचारले नाहीत, विटांचे विचारले. कोणत्या आठवड्यात किती थापल्या, किती खर्ची मिळाली, पोर आजारी पडलं तेव्हा किती खाडे झाले, सगळं तिला तोंडपाठ होतं. आमची बेरीज चुकली तेव्हा तिनेच ती दुरुस्त केली. सगळ्याजणी हसल्या, तीही हसली.

तिची झोप अजून पुरती परतलेली नाही. उपचार चालू आहे, चालू राहिला पाहिजे. पण पुढच्या दिवाळीला बयाणा घ्यायचा की नाही, हे ठरवायला ती एकटी बसणार नाही. तुमच्या भागात ऊसतोडीला, भट्टीला, बांधकामाला जाणाऱ्या बायांच्या मनाचं तुम्ही काय करता? लिहा, भांडा, पण गप्प राहू नका.