नववीच्या मार्कांचं काय?

‘खेळाच्या जोरावर अमेरिकेत कॉलेज मिळतं,’ असं मैदानावर कुणी सांगितलं असेल, तर ते खोटं नाही. पण अर्धंच आहे.

आठवतंय? २०२३ ची हांगझोऊ आशियाई स्पर्धा. ३० सप्टेंबरला श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेनं रोहन बोपण्णासोबत टेनिसच्या मिश्र दुहेरीत सुवर्ण जिंकलं. दुसऱ्याच दिवशी आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये पहिला आला. ऋतुजा टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळलेली. अविनाश बारावीनंतर सैन्यात गेला, धावपटू म्हणून तिथंच घडला. अमेरिकेत सरावाला गेला तो नंतर. दोन्ही वाटा खऱ्या.

मात्र कॉलेजच्या वाटेला अटी आहेत. शिष्यवृत्तीत दरवेळी सगळा खर्च भागत नाही. ‘डिव्हिजन थ्री’च्या कॉलेजांत तर खेळासाठी ती मिळतच नाही. आणि ‘डिव्हिजन वन’मध्ये खेळायचं तर नववी ते बारावीचे मार्क तपासले जातात.

आपल्याकडे काय होतं? पोरगं चांगलं खेळतं म्हटलं की घरचे आणि सर नववीतच ठरवतात, ‘पास झाला तरी बास.’ ते दार तिथंच बंद होतं, आणि कळतं बारावीनंतर.

तुम्ही कॉलेजात आहात, तुमची ती वेळ कदाचित गेली असेल. पण तुमच्याच मैदानावर नववीतलं कुणीतरी पळतंय. त्याला आजच सांगा: स्पाइक्सबरोबर पुस्तकंही सांभाळ. जायचं की नाही, हे नंतर त्यालाच ठरवू दे.