राज्य श्रीमंत, कोयता कर्जात

या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला हिशेब मांडला तो दादाभाई नौरोजींनी. १८७६ साली मुंबईत वाचलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले, की ब्रिटिश हिंदुस्थानात माणशी वार्षिक उत्पन्न जेमतेम २० रुपये आहे आणि तुरुंगातल्या कैद्याच्या नुसत्या अन्नवस्त्रालाही सरकारला त्याहून जास्त खर्च येतो. राज्यकर्त्यांनी लाजेने मान खाली घालावी म्हणून काढलेला तो आकडा होता. दीडशे वर्षांनी आपण त्याची आरती करतो आहोत. अर्थसंकल्पाच्या तोंडावर आर्थिक पाहणी अहवाल विधिमंडळात येतो, विकासदर ठळक अक्षरांत छापला जातो आणि राज्याच्या उत्पन्नात महाराष्ट्र अजून पहिल्या क्रमांकावर आहे ना, एवढे पाहून आपण पान उलटतो.

वर्षभरात राज्यात किती वस्तू आणि सेवा निर्माण झाल्या, त्यांची किंमत म्हणजे हे उत्पन्न. त्या कोणाच्या जिवावर निर्माण झाल्या, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नसतो.

ऊसतोडीचेच पाहा. दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, पाथर्डी या भागांतून लाखो माणसे बिऱ्हाड उचलून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. जेवढा टन ऊस तुटेल, तेवढी ती उचल फिटायची. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंड. मग पाळीच्या दिवसांत बाईने काय करायचे? फडाजवळ संडास नाही, धड पाणी नाही, आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचे काही चुकत नाही. ती दुखणे अंगावर काढते. जंतुसंसर्ग वाढतो. शेवटी एखाद्या खासगी दवाखान्यात ‘पिशवीला कॅन्सर होईल’ अशी भीती घातली जाते आणि कर्ज काढून पिशवी काढली जाते. पुन्हा कोयत्याला.

ही एखाददुसरीची गोष्ट नव्हे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनेच समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. देशभरात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

आता विकासाच्या वहीत याची नोंद कशी होते ते बघा. शस्त्रक्रियेचे बिल राज्याच्या उत्पन्नात जमा. सोनोग्राफी जमा, औषधे जमा, साखर जमा, मळीपासून काढलेले अल्कोहोलही जमा. तिशीत हाडे ठिसूळ झालेल्या बाईचे उरलेले आयुष्य मात्र कुठेच वजा होत नाही. पहाटे तीनला उठून झोपडीपुढे ती भाकरी थापते, त्या श्रमाची किंमत या वहीत शून्य. आणि हे शून्य फक्त तिच्याच वाट्याचे नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला २९९ मिनिटे घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ९७. तुमच्या-माझ्या घरातलाही हिशेब तोच.

ज्या सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकेत राष्ट्रीय उत्पन्नाची मोजणी बसवून दिली, त्यांनीच १९३४ च्या अहवालात बजावले होते, की या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचे अनुमान काढता येत नाही. कारागिराने अवजाराबरोबर दिलेली ताकीद आपण फेकून दिली. सोयीची नव्हती ना!

सोय कोणाची, हेही बोलले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली ३४ मुले वयाच्या मानाने खुजी होती. २०१९ साली, कोविड येण्याआधीच, ती ३५ झाली. रक्तक्षय असलेल्या स्त्रिया शंभरात ४८ होत्या, त्या ५४ झाल्या. याच काळात राज्याचे उत्पन्न वाढत होते. त्याच पाहणीत बीड जिल्ह्यातल्या विशीतल्या तरुण स्त्रियांत अठराच्या आत लग्न झालेल्या शंभरात चाळीसहून अधिक निघाल्या. जोडीशिवाय कोयता पुरा होत नाही आणि कोयत्याशिवाय उचल मिळत नाही, हे त्यामागचे एक उघड कारण. हे सगळे छापलेले आहे, कोणी दडवलेले नाही. तरीही क्रिकेटच्या धावसंख्येसारखा विकासदर तोंडपाठ असलेल्या सुशिक्षित महाराष्ट्राला यातला एकही आकडा ठाऊक नसतो. हे अज्ञान नव्हे, ही निवड आहे. फुले-आगरकरांचे नाव घेणाऱ्या समाजाने ती डोळे उघडे ठेवून केली आहे.

वाढ नकोच, असे मी म्हणत नाही. पैशाशिवाय सरकारी दवाखाना उभा राहत नाही. पण नुसत्या पैशानेही तो उभा राहत नाही. ऐंशीच्या दशकात केरळचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीखाली होते, तेव्हाही साक्षरतेत आणि बालमृत्यू रोखण्यात ते राज्य देशाच्या पुढे होते. तिथल्या लोकांनी शाळा आणि दवाखाने मागितले, भांडून मिळवले. आपण सहकार उभारला, कारखाने उभारले, त्यांतून आमदार-मंत्री उभे केले. ऊस तोडणारी बाई तेवढी फडातच राहिली.

या शस्त्रक्रियांचा बभ्रा झाल्यावर सरकारने काय केले? बीडमध्ये गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट घातली. अट योग्यच, पण बंधन आले ते शस्त्रक्रियेवर, खाड्यावर नाही. शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, थकवली तर साखर आयुक्त कारखान्याचा गाळप परवाना अडवतात, कारण शेतकरी संघटित आहे आणि त्याला मत आहे. मत ऊस तोडणाऱ्या बाईलाही आहे. तरी फडाजवळ संडास नाही किंवा पाळीच्या दिवसाचा खाडा कापला म्हणून कोणाचा परवाना अडल्याचे ऐकिवात नाही. तो अडला पाहिजे. पुढच्या हंगामाआधी आपल्या आमदाराला गाठा आणि फडाजवळ संडास हवा आणि पाळीच्या दिवसांत खाडा नको, ही अट परवान्यात घालायला लावा.