हरकत घेणाऱ्याचे एस.टी. भाडे

लाईट बिल वाढले की वस्तीत दोन दिवस बोलणे होते, तिसऱ्या दिवशी सगळे विसरतात आणि बिल भरतात. न भरून सांगता कोणाला? परंतु हे दर कोण ठरवतो, कोठे बसून ठरवतो आणि ठरवण्यापूर्वी आपल्याला विचारतो की नाही, हा प्रश्न आपल्या घरांतून फारसा निघत नाही. वास्तविक विचारतात. कायद्याने विचारावेच लागते. केंद्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार १९९९ साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. पुढे २००३ च्या विद्युत कायद्याने असे बंधन घातले की, कंपनीने दराचा अर्ज जाहीर करावा, लोकांच्या सूचना व हरकती आयोगाने विचारात घ्याव्यात आणि मगच आदेश काढावा. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात ती जाहिरात येते. आपण त्याच पानात भाकरी बांधतो.

यात आळसाचा भाग आहे, नाही असे नाही. परंतु सगळा दोष आळसाचा नाही. हरकत घ्यायला पैसे लागतात, आणि ते कोणी द्यायचे यावर कोणी बोलत नाही. आज आम्ही त्यावर लिहिणार आहोत.

महावितरणच्या दरवाढीची जाहीर सुनावणी महसूल विभागाच्या ठिकाणी होते. आपला जिल्हा, पूर्वीचे नगर आणि आताचे अहिल्यानगर, नाशिक विभागात मोडतो. म्हणजे नाशिक. अकोल्याच्या माणसाला ते जवळ आहे. पण समजा, जामखेड तालुक्यातल्या एखाद्या वस्तीतून दोघांना जायचे आहे. जामखेड ते नगर, नगर ते नाशिक, असा सव्वादोनशे किलोमीटरच्या वरचा पल्ला. मुक्काम धरला तर दोन दिवसांची मजुरी बुडाली. दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे, जेवण, अर्जाच्या झेरॉक्स, कंपनीला प्रत पोचवल्याचा पुरावा. (मार्च २०२३ पासून बायांना एस.टी.चे अर्धे तिकीट आहे, तेव्हा बाईला पाठवावे असे आमचे मत. बिल भरायचे पैसे डब्यातून काढते तीच, तिला बोलायला शिकवावे लागणार नाही.) करोनापासून आयोगाच्या सुनावण्या ऑनलाइनही होतात, ही सोय चांगली आहे, पण मोबाईलवर बोलायचे तरी काय, ते आधी ठाऊक पाहिजे.

खरा खर्च तेथेच आहे. दराचा अर्ज काही शे पानांचा असतो. आयोगाच्या आदेशाची पाने वेगळी. मराठीत सारांश मिळतो, पण मेख सारांशात नसते, ती तक्त्यात असते. आपल्या बिलावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार असे रकाने आहेत. त्यातला एकेक आकडा कोठून आला हे शोधायला शिकलेला माणूस महिनाभर बसवावा लागतो. आम्ही वीस वर्षे व्हाउचर तपासत आलो, तरी पहिल्या वेळी आमचीही चार रविवारांची झोप गेली.

आता दुसरी बाजू पाहा. कंपनी येते ती वकील, सल्लागार, अभियंते आणि हिशेबनीस घेऊन. त्यात गैर काही नाही, त्यांनी तयारीनेच यावे. परंतु वकिलाची फी, सल्लागाराची फी हा कंपनीचा प्रशासकीय खर्च. तो वार्षिक महसुली गरजेत धरला जातो आणि त्या गरजेवरून आपले दर निघतात. म्हणजे दर वाढवा असे सांगणाऱ्या वकिलाची फी आपल्या बिलातून जाते आणि दर वाढवू नका असे सांगायला जाणाऱ्याचे एस.टी. भाडे त्याच्या खिशातून. हा कोणता न्याय?

कायद्याला हे दिसले नाही असेही नाही. २००३ च्या कायद्याच्या कलम ९४ मध्ये तरतूद आहे की, ग्राहकांच्या हिताची बाजू मांडण्यासाठी आयोग योग्य वाटेल त्या व्यक्तीला अधिकृत करू शकतो. आपल्या आयोगाने अशा चार संस्था नेमल्या: मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची प्रयास, ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन. चारांपैकी दोन कारखानदारांच्या. त्यांच्यावर आमचा राग नाही, कारखानदारही ग्राहकच. पण कारखान्याचा दर कमी करायचा म्हटले की तो भार कोठेतरी उतरतो, आणि उतरतो तो बहुधा घरगुती ग्राहकावर. त्यांच्याकडे वर्गणी आहे, कचेरी आहे, पगारी माणूस आहे. ज्याचा मंजूर भार पाव किलोवॉट आणि वापर महिन्याला ३० युनिटच्या आत, त्या दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाचा संघ कोठे आहे? वर्षाला ३६० युनिटच्या पुढे गेला की त्याची सवलत जाते. उन्हाळ्यात पंखा जास्त फिरला म्हणून हे व्हावे काय, एवढा एकच मुद्दा मांडायला कोणी नाशिकला गेल्याचे आम्ही ऐकले नाही. आणि कलम ९४ नेमायचे सांगते. खर्च कोणी, किती, केव्हा द्यायचा यावर त्या कलमात एक शब्द नाही.

बोलणारा तयारीचा असला म्हणजे काय होते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. शेतीपंपांना पूर्वी मीटर नव्हते, अश्वशक्तीवर बिल येई. पंपांनी किती वीज खाल्ली हे वीज मंडळ अंदाजाने लिही. मंडळ सांगे की आमची गळती अठरा टक्क्यांच्या आसपास, बाकीची शेतकऱ्याकडे गेली. आयोगापुढे १९९९-२००० मध्ये पहिल्या दराची सुनावणी झाली, तेव्हा ग्राहक संस्थांनी हा अंदाज उकरून काढला. प्रयासच्या ऊर्जा गटाचे काम यात मोठे; त्यांचे गिरीश संत २०१२ साली गेले. एवढ्या पंपांनी एवढे तास चालून इतकी वीज खाणेच शक्य नाही, हे हिशेबाने दाखवले गेले, आणि गळती तीस टक्क्यांच्या पुढे असल्याचे मान्य करावे लागले. म्हणजे चोरी आणि गळती लपत होती शेतकऱ्याच्या नावावर. बातमी अशी की शेतकरी वीज खातो, खरे असे की वीज वाटेत जाते. हे मोर्चा काढून कळले नसते. कोणीतरी महिनोन्‌महिने तक्त्यांवर बसला म्हणून कळले. आता सांगा, असा माणूस आपल्या जिल्ह्यात बसवायचा तर त्याच्या चुलीचे काय?

आपल्या जिल्ह्याचा म्हणाल तर मुळा-प्रवरेचा प्रसंग आहे. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था ही देशातल्या पहिल्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्थांतली. श्रीरामपूर-राहुरी भागातल्या घरात दिवा लागे तो तिच्या तारेवर. थकबाकीचा डोंगर झाला, ३१ जानेवारी २०११ रोजी परवाना संपला आणि १ फेब्रुवारीपासून कारभार महावितरणकडे गेला. हे सगळे ठरले आयोगापुढे. संस्था वकील लावू शकत होती, महावितरण वकील लावू शकत होते. मळ्यातल्या सालगड्याच्या झोपडीतला जो एक दिवा होता, त्याची अनामत, त्याची थकबाकी, त्याचे पुढचे बिल यावर बोलायला वकील कोणी लावायचा?

परदेशात यावर उपाय निघाले आहेत. अमेरिकेत १९७८ च्या एका कायद्याने वीजदराच्या सुनावणीत ग्राहकाची बाजू मांडणाऱ्यांना खर्च देण्याची वाट उघडली. कॅलिफोर्निया राज्यात १९८० च्या दशकापासून पद्धत अशी की, संस्थेने आधी कळवायचे, आपल्याला हा खर्च झेपणारा नाही हे दाखवायचे, किती तास काम केले याचा हिशेब द्यायचा. आणि तिच्या म्हणण्याचा निकालात खरोखर उपयोग झाला असे आयोगाला वाटले, तर कंपनीने पैसे द्यायचे. कंपनी ते दरातून वसूल करते. पद्धत चांगली, पण एक खोट आहे: पैसे शेवटी मिळतात, निकाल लागल्यावर. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने १९८८ मध्ये कायदा करून काही सुनावण्यांसाठी आगाऊ पैसे देऊन पाहिले. तो कायदा १९९६ मध्ये संपला. आमच्या लोकांना आगाऊच पाहिजेत. रोजंदारीवरचा माणूस आज भाडे भरून वर्षाने परत घेऊ शकत नाही. आणि सुनावणी एका फेरीत संपते असेही नाही. २८ मार्च २०२५ रोजी आयोगाने दराचा आदेश काढला, महावितरणच्या मागणीवरून तो स्थगित झाला, २५ जूनला फेरविचाराचा नवा आदेश आला, पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. गरिबाने किती ठिकाणी पळायचे?

साक्ष देणे हे काम आहे, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे, १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे साक्षी दिल्या. आकडे आणि निवेदन तयार करून दिल्या. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते, विजेचे खाते त्यांच्याकडेच होते, आणि वीज स्वस्त व मुबलक मिळावी हा त्यांचा आग्रह होता. ते वाक्य आपण जयंतीच्या भाषणात वापरतो. दराच्या अर्जावर वापरत नाही.

यावर आक्षेप येणार, आणि ते खोटे नाहीत. पहिला, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. आयोगाने पैसे दिले की संस्था आयोगापुढे नरम पडेल. दुसरा, लेटरपॅड संस्था निघतील. एक शिक्का, एक लेटरपॅड, अध्यक्ष व सचिव नवराबायको, आणि प्रवासखर्चाची बिले. समाजकार्याच्या नावावर हे प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत, म्हणून हसण्यावारी नेणार नाही. पण व्हाउचर खोटे निघते म्हणून कोणी कचेरीतले व्हाउचर बंद करत नाही, तपासतो. भाडे व मजुरी आगाऊ द्यावी, अभ्यासाचे पैसे आदेशात मुद्दा नोंदला गेल्यावर द्यावेत, आणि सगळा हिशेब आयोगाने मराठीत जाहीर करावा. कोणत्या संस्थेला किती गेले, हे आमच्यासारखा कारकून वाचेल.

रक्कम किती? महावितरणचे ग्राहक पावणेतीन कोटींच्या वर आहेत. साऱ्या महाराष्ट्रातल्या हरकतींसाठी वर्षाला एक कोटी रुपये बाजूला काढले, तर एका मीटरवर वर्षाला ३७ पैसेसुद्धा पडत नाहीत. महिन्याचे तीन पैसे.

तोवर हाती आहे ते करावे. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला आणि स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेविषयक मदत आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत न्यायालयाबरोबर न्यायिक स्वरूपाचे काम करणारी प्राधिकरणेही येतात. आमच्या मते विद्युत नियामक आयोग त्यात बसतो. नगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे. पुढची दराची जाहिरात आली की तिचे कात्रण, मागच्या बारा महिन्यांची बिले आणि जातीच्या दाखल्याची प्रत घेऊन तेथे लेखी अर्ज द्यावा, हरकत लिहून देण्यासाठी वकील मागावा. नकार आला तर तोही लेखी घ्यावा. आणि हरकतीच्या अर्जात शेवटी एक ओळ जरूर घालावी: येण्याजाण्याचा व बुडालेल्या मजुरीचा खर्च इतका झाला, तो कंपनीच्या महसुली गरजेत धरून आम्हास मिळावा. एस.टी.ची तिकिटे जोडायला विसरू नये.