घरचा हिशेब : मानाचे कार्ड आणि जानेवारीचा महिना

नाताळचा सण पार पडला, नवे वर्ष उजाडले, पाहुणे आपापल्या गावी परतले आणि आता डिसेंबरच्या खर्चाची बिले घरोघर येऊन थडकली असतील. वर्षारंभी आपण निरनिराळे संकल्प करतो. त्यांतच एका संध्याकाळी नवराबायकोने मिळून घरातील क्रेडिट कार्डांचा हिशेब मांडावा, अशी आमची ह्या आठवड्याची सूचना आहे. विशेषतः ज्या घरी वरच्या दर्जाचे, म्हणजे ज्यास सर्वजण प्रीमियम म्हणतात असे कार्ड आले आहे, त्या घरी तर हे काम लांबणीवर टाकू नये.

१९५० साली न्यूयॉर्क शहरात डायनर्स क्लबचे कार्ड निघाले, ते उपाहारगृहातील बिल मागाहून चुकते करण्याची सोय म्हणून. आपल्या देशात १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने क्रेडिट कार्ड काढले. तेव्हा कार्ड म्हणजे उधारीची सोय एवढाच त्याचा अर्थ होता. आजचे प्रीमियम कार्ड ही वस्तू निराळी आहे. तेथे आपण दरवर्षी ठरलेले शुल्क भरतो आणि त्याच्या मोबदल्यात विमानतळावरील लाउंज, हॉटेलातील सूट, भेटीची कुपने, खर्चावर मिळणारे गुण, विम्याचे संरक्षण अशा सवलतींचा संच आपणास मिळतो. शुल्क १०,००० रुपये असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ११,८०० रुपये घरातून जातात. तेव्हा सवलत ही बँकेने दिलेली भेट नव्हे; ती आपण आगाऊ पैसे मोजून घेतलेली वस्तू होय. दाम मोजून घेतलेले धान्य कोणी पोत्यातच कुजू देत नाही. मग सवलतीच तेवढ्या का वाया जाव्या?

वाया जाण्याचे मुख्य कारण असे, की कार्डाचे 'वर्ष' आपण समजतो तसे एकच नसते. काही सवलती १ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंत मोजल्या जातात. काही कार्ड मिळाल्याच्या तारखेपासून पुढील बारा महिने चालतात. काही दर तिमाहीस, तर काही दर महिन्यास नव्याने मिळतात, आणि मुदत टळली की पुढे जमा होत नाहीत. म्हणून एका कागदावर प्रत्येक सवलतीचे नाव, तिची किंमत आणि तिची अखेरची तारीख अशी तीन घरे आखावी. बँकेने कार्डासोबत दिलेल्या 'महत्त्वाच्या अटी' ह्या पत्रकात ही माहिती असते. ते पत्रक हरवले असल्यास बँकेच्या संकेतस्थळावरून नवे घ्यावे, कारण अटी मधूनमधून बदलतात.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांच्या घरी ह्या विषयाचे महत्त्व अधिक. तेथील अमेरिकन एक्सप्रेसच्या प्लॅटिनम कार्डाचे वार्षिक शुल्क २०२५ साली ६९५ डॉलरवरून ८९५ डॉलर झाले. त्याच वर्षी चेस बँकेच्या सफायर रिझर्व्ह कार्डाचे शुल्क ५५० वरून ७९५ डॉलरवर गेले. प्लॅटिनम कार्डावर विमान कंपनीच्या किरकोळ आकारांसाठी वर्षास २०० डॉलर परत मिळतात. पण त्यासाठी एकच कंपनी निवडावी लागते आणि ती बदलण्याची संधी जानेवारीत असते. उबरसाठीचे १५ डॉलर त्या त्या महिन्यातच संपवावे लागतात. सफायर रिझर्व्हचे प्रवासासाठीचे ३०० डॉलर मात्र कार्डाच्या वर्धापनदिनापासून मोजले जातात. दोन कार्डे, दोन पंचांगे! परदेशी असलेल्या मुलास फोन कराल तेव्हा हवापाण्याबरोबर एवढेही विचारावे, की बाबा रे, जानेवारीतली निवड केलीस का?

आता आपल्याकडील गोष्ट. लाउंजचा प्रवेश हा येथील कार्डांचा सर्वांत आवडता मान. परंतु अलीकडे कित्येक बँकांनी त्यास मागील तिमाहीतील खर्चाची अट जोडली आहे. आयसीआयसीआय बँकेने २०२४ साली आपल्या अनेक कार्डांवर ही मर्यादा प्रथम ३५,००० रुपये आणि त्याच वर्षी पुढे ७५,००० रुपये केली. अशा अटीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. जानेवारी ते मार्च ह्या तीन महिन्यांत जो खर्च होईल त्यावर एप्रिल ते जून ह्या काळातील प्रवेश अवलंबून राहील. आणि आपल्या मुलाबाळांच्या सुट्ट्या, लग्नकार्ये व गावाकडचे प्रवास नेमके त्याच महिन्यांत येतात. मे महिन्यात सहकुटुंब विमानाने जावयाचे असेल तर त्याची तयारी आजच सुरू होते. विम्याचा हप्ता, शाळेची फी, वर्षभराचे किराणा सामान असा जो खर्च व्हावयाचाच आहे, तो तेवढा ह्या तिमाहीत कार्डावर घ्यावा. मात्र घरभाडे, इंधन, वॉलेटमध्ये भरलेली रक्कम आणि सरकारी भरणा हे खर्च पुष्कळ बँका गुणांसाठी किंवा मर्यादेसाठी धरत नाहीत, हे आधी तपासावे. शिवाय आपण ज्या विमानतळावरून जाणार तेथे त्या कार्डाचे लाउंज आहे काय, आणि सोबतच्या माणसांस निराळा आकार पडतो काय, हेही पाहावे. आईवडिलांसाठी पूरक कार्ड मोफत मिळत असेल तर तेच घेणे सोयीचे.

परदेशी जाणाऱ्यांस आणखी एक हिशेब सांगतो. सामान्य कार्डावर परकीय चलनात खर्च केल्यास बहुधा ३.५ टक्के जादा आकार पडतो, तर काही प्रीमियम कार्डांवर तो २ टक्के असतो. त्यावर जीएसटी धरता हे दर अनुक्रमे ४.१३ आणि २.३६ टक्के होतात. यात्रेत किंवा मुलीच्या परदेशी शिक्षणात एक लाख रुपये खर्च झाले तर १,७७० रुपयांचा फरक पडतो. लाउंजमधील चहाफराळापेक्षा हा लाभ खचित मोठा आहे. पण तो डोळ्यांत भरत नाही म्हणून कोणी मोजत नाही.

डोळ्यांत न भरणारा दुसरा लाभ विम्याचा. अनेक प्रीमियम कार्डांवर विमान अपघाताचे संरक्षण असते. त्यासाठी वारसाचे नाव नोंदविणे, काही कार्डांवर ठरावीक काळात कार्डाचा उपयोग करणे, अशा अटी असतात. दुर्दैवाने वेळ आलीच तर मागे राहिलेल्या पत्नीस किंवा आईस असा विमा आहे हेच ठाऊक नसते, आणि दाव्याची मुदत निघून जाते. यास्तव आजच वारसाचे नाव नोंदवावे आणि त्याची नोंद घरातील महत्त्वाच्या कागदांत ठेवावी. ह्या संपूर्ण स्तंभातील एकच सूचना पाळावयाची झाली तर ती ही पाळावी.

इतके सांगून झाल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. सवलतीची खरी किंमत कुपनावर छापलेली नसते. ज्या वस्तूसाठी आपण एरवी खिशातून पैसे काढले असते, तेवढीच तिची आपल्या घरास किंमत. ज्या आलिशान उपाहारगृहात आपण कधी पाऊल टाकले नसते, तेथील २,००० रुपयांचे कुपन वापरण्यासाठी ५,००० रुपयांचे जेवण घेणे ह्यास बचत म्हणता येणार नाही. तीच गोष्ट शुल्कमाफीची. वर्षाचा ठरलेला खर्च पुरा होण्यास ५०,००० रुपये कमी पडतात म्हणून नको असलेले दूरचित्रवाणी यंत्र घरी आणावयाचे, ते कशासाठी, तर ११,८०० रुपये वाचविण्यासाठी! असा व्यवहार दुकानदारास आणि बँकेस मानवतो, घरास नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डिसेंबरचे बिल पुरते चुकते झाले नसेल तर वरील सर्व सवलतींची चर्चाच व्यर्थ आहे. कार्डावरील व्याज महिन्यास ३.५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षास सुमारे ४२ टक्के असू शकते. ६०,००० रुपये थकले तर महिन्यास २,१०० रुपये व्याज आणि त्यावर ३७८ रुपये कर, मिळून २,४७८ रुपये होतात. चक्रवाढ न धरताही पाच महिन्यांत १२,३९० रुपये जातात; म्हणजे वर्षाच्या शुल्काहूनही अधिक. शिवाय थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. 'किमान देय रक्कम' भरल्याने दंड टळतो, व्याज टळत नाही. व्याजावर ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा ग्राहक आयोगाचा २००८ सालचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा त्या आधारावरही कोणी विसंबू नये. ज्याच्याकडे थकबाकी आहे त्याने ह्या वर्षी सवलतींचा कागद बाजूस ठेवावा, कार्ड कपाटात ठेवावे आणि प्रथम कर्ज फेडावे.

थकबाकी नसलेल्यांनी मात्र गतवर्षीचा आकडा मांडावा. प्रत्यक्ष उपयोगी पडलेल्या सवलतींची बेरीज शुल्काहून कमी भरली, तर वर्धापनदिनाच्या महिनाभर आधी बँकेस शुल्क माफ करण्याविषयी विचारावे, किंवा शुल्क नसलेले साधे कार्ड मागावे. दोन्ही न जमल्यास साठलेले गुण वापरून कार्ड बंद करावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी, सर्व देणे फिटले असता, अर्ज केल्यापासून कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करणे बँकेवर बंधनकारक केले आणि विलंब झाल्यास दिवसाला ५०० रुपये ग्राहकास देण्याची तरतूद केली. अर्जाची प्रत मात्र जपून ठेवावी.

चारचौघांत धातूचे जड कार्ड काढून ठेवण्यात तरुणांस मोठेपणा वाटतो, आणि बँकाही तो मोठेपणाच विकतात. कार्ड ठेवणे किंवा न ठेवणे ह्यांत मान वा अपमान काहीच नाही. ते घराच्या उपयोगी पडते की घर त्याच्या उपयोगी पडते, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर एका संध्याकाळी, एका कागदावर मिळण्यासारखे आहे.