कोंबडी कुणाची?

आमच्या परसात पाच गावरान कोंबड्या आहेत. संध्याकाळी त्यांना डालग्याखाली झाकणं माझं काम, अंडी गोळा करणं लेकीचं. गेल्या महिन्यात सहा अंडी साठली म्हणून कालवण केलं, कांदा-खोबरं भाजून. सगळ्यांना वाढून जेवायला बसले तर पातेल्यात नुसता रस्सा! गावोगाव बायकांना रक्तपांढरीवर भाषणं देणारी मी. आणि कुणी हिसकावून घेतलं नव्हतं, मीच वाढलं होतं.

बचत गटाच्या बैठकीत हे सांगितलं तर बाया पोट धरून हसल्या. "ताई, तुमच्यात निदान कालवण तरी झालं," एकजण म्हणाली. तिच्याकडचं अंडं घरात शिजतच नाही. ते मीठ-मिरचीला जातं, दवाखान्याच्या एसटी भाड्याला जातं. "रोज एक अंडं खा" असं आपण सांगतो, पण हिशेब बघा. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. 21 दिवस उबवायचं, पुढे दोनेक महिने पिलं वागवायची. तोवर अंडं नाही. आज खाल्लेलं अंडं म्हणजे उद्याचं एक पिलू कमी. बाईला हे पक्कं ठाऊक असतं, आपल्या पोषणाच्या तक्त्याला नसतं.

म्हणूनच जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारातल्या अंड्यासाठी निधी द्यायचं थांबवलं आणि हवं तर लोकवर्गणी काढा म्हणून सांगितलं, तेव्हा मला संताप आला. खेड्यात ही वर्गणी शेवटी कुणाच्या डालग्यातून निघणार?

अंड्याचा पैसा बाईचा, हे नवराही मान्य करतो. पण पाहुणा आला की कोंबडीची मान तोच पिरगळतो, न विचारता. पिलं वाटपाच्या यादीत बाईचं नाव घातलं की आपण कार्यकर्त्या काम झालं समजतो. राणीखेतसाठी लसोटाचा थेंब पिलाच्या डोळ्यात कसा घालायचा ते शिकवतो. कोंबडी कापायची की नाही हे कोण ठरवणार, हा विषय मात्र काढत नाही. मला वाटतं तोच आधी काढावा.

एका गावात मी तो काढला. बऱ्याच जणी गप्प बसल्या, एक तर उठून गेली. परवा तिथे गेले तेव्हा कळलं, त्याच उठून गेलेल्या बाईकडे जावई आला होता. नवरा डालग्याकडे निघाला तशी ती आडवी झाली. कोंबडी खुडूक बसलीय म्हणाली. जावयाला पिठलं वाढलं. नवऱ्याचं तोंड अजून फुगलेलंच आहे.