सहावा अपवाद आणि समीक्षकाचा पिंजरा

रोलाँ बार्थने लेखकाच्या मृत्यूची वार्ता दिली त्याला अर्धशतक उलटून गेले. फौजदारी कायद्यापर्यंत ती अद्याप पोचलेली नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील 499 व्या कलमाचा सहावा अपवाद हा वस्तुतः साहित्यसमीक्षेचा एक सिद्धान्तच आहे. लेखकाने लोकांच्या निर्णयासाठी सादर केलेल्या कृतीविषयी, आणि त्या कृतीतून प्रकट होईल तेवढ्याच त्याच्या स्वभावाविषयी, सद्भावाने मत देणे ही अब्रुनुकसानी नव्हे, असे तो सांगतो. सोबतची उदाहरणे मार्मिक आहेत. पुस्तक मूर्खपणाचे आहे, तेव्हा लेखक दुर्बळ मनाचा असला पाहिजे, असे म्हणणारा सुटतो. लेखकच दुर्बळ आणि विषयलंपट, मग पुस्तक असे निघाले यात नवल काय, असे म्हणणारा अडकतो. साहित्यकृतीकडून लेखकाकडे जाण्यास मुभा, लेखकाकडून साहित्यकृतीकडे येण्यास बंदी! चरित्रात्मक समीक्षेवरील इतका नेमका आक्षेप रूपवाद्यांनाही क्वचितच साधला असेल. (या संहितेचा 1837 चा मसुदा सिद्ध करणारा मेकॉले स्वतः निर्दय परीक्षणकार होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.)

1 जुलै 2024 पासून हे सारे भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमात नांदते आहे. लेखनाचे स्थान मात्र मधल्या काळात पालटले. परीक्षण आता पडद्यावर प्रसिद्ध होते, त्यातले एखादेच वाक्य कापून घेतले जाते आणि संदर्भावाचून फिरत राहते. उपरोधाने केलेला आरोपही अब्रुनुकसानी ठरू शकतो, असे याच कलमाचे एक स्पष्टीकरण बजावते. आणि उपरोधाला तर संदर्भ हाच एकमेव आधार. दुसऱ्याचा बदनामीकारक मजकूर स्वतःची भूमिका स्पष्ट न करता पुन्हा प्रसृत करणे हीही अब्रुनुकसानी ठरू शकते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये म्हटले. प्रसारण हे जर कर्तृत्व असेल, तर पडद्यावर मांडलेले प्रत्येक लेखन ही लोकांच्या निर्णयासाठी सादर केलेली कृती मानावी लागेल आणि तिच्या टीकाकारालाही सहाव्या अपवादाचे छत्र द्यावे लागेल. तर्काचे पहिले अर्धुक स्वीकारून दुसरे विसरणे हे न्यायाचे लक्षण नव्हे.

शिवाय हे छत्र पाऊस पडून गेल्यावर मिळते. अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. सद्भाव होता की नव्हता, याचा निवाडा सामान्यतः खटल्यातच होतो. तोवर समन्स, वकील, तारखा. प्रकाशकाची वा संपादकाची ढाल नसलेला एकटा समीक्षक हे किती काळ सोसणार? निर्दोष सुटणाऱ्यालाही शिक्षा भोगावी लागते ती अशी.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केले, तेव्हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा जयघोष झाला. अवघ्या वर्षभराने, मे 2016 मध्ये, त्याच न्यायालयाने 499 आणि 500 ही कलमे वैध ठरविली; प्रतिष्ठा हा जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे कारण दिले. प्रतिष्ठेचे मोल कोणी नाकारीत नाही. पडद्यावरची बदनामी वणव्यासारखी पसरते, हेही खरे. परंतु भरपाईसाठी आणि मनाईहुकमासाठी दिवाणी दाव्याचा मार्ग खुला असताना तुरुंगाने त्यात कोणती भर पडते, याचे समाधानकारक उत्तर त्या निकालात सापडत नाही. 2023 मध्ये नवी संहिता संमत झाली, तेव्हा हा गुन्हा वगळता आला असता. शिक्षेत सामुदायिक सेवेचा पर्याय तेवढा वाढविण्यात आला. दोन वर्षांपर्यंतची साधी कैद जशीच्या तशी उतरवून घेण्यात आली.