आजीच्या माहेराचा नकाशा



वंशावळ मागितली की आपल्या घरांतून पुरुषांच्या नावांची यादी निघते. बाईचं नाव, आडनाव लग्नात बदलतं आणि दोन पिढ्यांत ती कागदावरून नाहीशी होते. शहापूर-मुरबाडच्या गावांत बायकांशी बोलताना मला जाणवतं, की पणजीचं नाव कुणाला आठवत नाही. पण ती 'घाटावरची' किंवा 'मोखाड्याकडची' होती हे चटकन सांगितलं जातं. म्हणून आपला कुळशोध गावापासून सुरू करावा, हातात नकाशा घेऊन.

आई, आजी, पणजी यांच्या माहेरगावांवर खुणा करा. नाणेघाट आणि माळशेज घाट मुरबाडला जुन्नरशी जोडतात, कसारा घाट शहापूरला इगतपुरीशी. लेकी कुठल्या वाटेने सासरी आल्या, ते या खुणांवरून कळू लागेल.

कागद कुठे मिळतील, तेही गावावरूनच ठरतं. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन झालं. माहेर वाडा, मोखाडा किंवा जव्हारचं असेल तर ते आता पालघर जिल्ह्यात आहे. भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशा मिळतो. जुन्या फेरफारांत वारस म्हणून लेकीचं नाव सापडतं. पुढे हक्कसोड करून ते कमी केलेलंही कधी दिसतं. भातसा आणि बारवी धरणांच्या पाण्याखाली गेलेली शिवारं तर जुन्या नकाशांवरच शोधावी लागतात.

हे काम केवळ हौसेचं नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनुसार वंशावळ, दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं हे सारं पुरावा म्हणून चालतं. रोज पाण्याला आणि सरपणाला जाणाऱ्या बाईला या खुणा तोंडपाठ असतात. तरी मोजणीच्या वेळी तिला कोण बोलावतं?

विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असावा, आणि कुटुंबप्रमुख एकटी बाई असेल तर तिच्या नावे, असं याच कायद्याचं कलम 4(4) सांगतं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून वाटा दिला. पण एरवी तो कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली बायकांना, त्यातही विधवा आणि परित्यक्तांना, पट्ट्यावरचं नाव हा मोठाच आधार आहे. दाव्याच्या वंशावळीत तिची नोंदच नसेल, तर तो मिळायचा कसा?

पुढच्या बैठकीत गावनकाशा मधोमध पसरा. म्हाताऱ्या बायकांना पुढे बसवा. विहीर, खळं, जुनी वाट त्या दाखवतील. सांगणारीच्या नावासकट ते लिहून घ्या. वनहक्क समितीपुढे जाताना तो कागद सोबत न्या आणि काय झालं ते आम्हाला कळवा.